अपडेटनंतर लॅपटॉप सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

महिन्याचा दुसरा मंगळवार हा मायक्रोसॉफ्टचा अपडेटचा वार. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणजे विंडोजचं अपडेट बसतं बुधवार-गुरुवारी. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. बॅटरी दमलेली असली की अपडेट अर्धवट राहतं आणि शुक्रवारी लॅपटॉप आमच्या काउंटरवर येतो.

अशा वेळी मशीन बहुधा ठणठणीत असतं आणि फाइलीही जागेवर असतात. नुकसान होतं ते घाईने फॉरमॅट मारल्यावर.

आधी थांबा. टक्क्यांचा आकडा हलत नाही म्हणून पॉवर बटण दाबू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एकच आकडा तास-दोन तास बसून राहतो. चार्जर लावून ठेवा, डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते बघा.

रात्र उलटूनही काहीच झालं नाही, तर पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून बंद करा. चालू करा, लोगो दिसला की पुन्हा बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी स्क्रीन उघडतं. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’. पहिल्यांदा ‘स्टार्टअप रिपेअर’ करून बघा. नाही जमलं तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. दर महिन्याचं अपडेट काढायचं असेल तर ‘क्वालिटी’ निवडा. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर ‘फीचर’. पण ते साधारण 10 दिवसांच्या आतच, कारण पुढे विंडोज जुन्या फाइली पुसून टाकतं.

याच वाटेवर बरेच जण बिटलॉकरपाशी, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीपाशी अडकतात. स्क्रीन 48 आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, मोबाइलवरूनही बघता येते. स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं तिथल्या यादीशी जुळवा. अकाउंटच नाही असं वाटत असेल, तर लॅपटॉप सुरू करून कोणी दिला ते आठवा. दुकानदाराने किंवा अमेरिकेतल्या मुलाने स्वतःचा ईमेल टाकलेला असतो! ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारा. की मिळालीच नाही तर त्या डिस्कवरचा डेटा आम्हालाही काढता येत नाही. कुणी ‘काढून देतो’ म्हणालं, तर आगाऊ पैसे देऊ नका.

त्याच ‘ट्रबलशूट’मध्ये विंडोज नव्याने बसवणारं ‘रीसेट’ असतं. त्यात ‘कीप माय फाइल्स’ असतं, पण त्यात राहतात त्या तुमच्या फाइली, प्रोग्रॅम उडतात. टॅली, श्रीलिपी, डिजिटल सहीचा ड्रायव्हर सगळं पुन्हा टाकावं लागतं. टॅलीचा डेटा तर पुष्कळदा ‘डॉक्युमेंट्स’च्या बाहेरच असतो. म्हणून आम्ही डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन तुम्हाला उघडून दाखवतो आणि मगच रीसेटला हात लावतो.

विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. तेव्हापासून टीपीएम 2.0 (विंडोज 11ला लागणारी सुरक्षेची चिप) नसलेल्या मशीनवर आडमार्गाने विंडोज 11 बसवलेले लॅपटॉपही येतात. ते सुरू करून देतो, पण पुढचं मोठं अपडेट नीट बसेल याची हमी आम्ही देत नाही.

येताना लॅपटॉपचाच चार्जर आणा, आणि ज्यावर ओटीपी येतो तो मोबाइलही. मोबाइल घरी राहिला तर बिटलॉकरची की शोधायला पुन्हा यावं लागेल.