पाटीवर ‘डिजिटल एक्स-रे’, आत काय?

डॉक्टरांनी ‘छातीचा फोटो काढून आणा’ म्हटलं की कोल्हापुरात बहुतेक ठिकाणी ‘डिजिटल एक्स-रे’ची पाटी दिसते. त्या एका पाटीमागे दोन वेगळी तंत्रं असू शकतात. पण किरण तयार करणारी नळी फिल्मच्या काळात होती तशीच आहे. १८९५ मध्ये रोंटगेनला सापडलेले किरणही तेच. बदललंय ते शरीरातून पार झालेले किरण झेलणारं साधन.

फिल्मच्या पद्धतीत कॅसेटमध्ये दोन पडद्यांच्या मध्ये फिल्म बसवतात. किरण पडले की पडदे उजळतात आणि त्या उजेडाचा ठसा फिल्मवरच्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांवर उमटतो. पुढचं सगळं काम डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली. २० अंशांच्या डेव्हलपरमध्ये सुमारे ५ मिनिटं, पाण्यातून काढून हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) १० मिनिटं, वाहत्या पाण्यात २० ते ३० मिनिटं आणि मग वाळवण. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच ३० अंशांच्या वर जातं. डेव्हलपर तापला की फिल्म वेळेआधी काळी पडते आणि वरचं जिलेटिन मऊ होऊन ओरखडे उठतात. जुलैच्या दमट हवेत उलटी अडचण, फिल्म वाळतच नाही. हायपो नीट धुतला नाही तर काही वर्षांनी फिल्म पिवळट-तपकिरी होते. (वापरलेल्या हायपोत फिल्मवरची चांदी उतरलेली असते आणि ती पुन्हा काढता येते. चांदीकामाची हुपरी जवळ असलेल्यांना त्याचं मोल सांगायला नको.)

फिल्मची खरी अडचण मात्र रसायनांपेक्षा तिच्या हट्टीपणाची आहे. किरण थोडे कमी पडले तर फोटो पांढुरका, थोडे जास्त पडले तर काळाकुट्ट. नंतर त्यात काही दुरुस्त करता येत नाही. म्हणजे पुन्हा फोटो आणि पुन्हा किरण.

आता पाटीमागची दोन तंत्रं. पहिलं सीआर, म्हणजे कम्प्युटेड रेडिओग्राफी. यात कॅसेट असतेच, पण आत फिल्मऐवजी फॉस्फरची प्लेट असते. तिच्यात किरणांची ऊर्जा साठून राहते. टेक्निशियन कॅसेट नेऊन रीडरमध्ये घालतो. लाल लेसर प्लेटवरून फिरला की साठलेली ऊर्जा निळसर उजेड होऊन बाहेर पडते आणि त्या उजेडाची मोजणी म्हणजे तुमचा फोटो. यात एक-दोन मिनिटं जातात. मग प्रखर उजेडात प्लेट पुसून पुन्हा वापरतात. पुसणं अर्धवट राहिलं तर आधीच्या पेशंटच्या हाडाची पुसट सावली तुमच्या फोटोत येते. रीडरमध्ये धूळ बसली की फोटोत सरळ पांढरी रेघ उमटते.

दुसरं डीआर, म्हणजे डिजिटल रेडिओग्राफी. यात सपाट पॅनेल थेट संगणकाला जोडलेलं असतं आणि चित्र काही सेकंदांत पडद्यावर येतं. पेशंट टेबलावर असतानाच कोन चुकल्याचं कळतं. तेव्हा ओळखायची खूण सोपी: फोटोनंतर कॅसेट उचलून दुसऱ्या यंत्रात घातली तर सीआर, लगेच पडद्यावर दिसलं तर डीआर. डीआरमध्ये कमी किरणांत काम भागू शकतं. सीआरला सहसा फिल्मइतकेच, कधी थोडे जास्तही लागतात. म्हणून ‘डिजिटल आहे, म्हणजे किरण कमी’ हे सरसकट खरं नाही.

डिजिटल फोटो क्षमाशील असतो. कमी-जास्त पडलेले किरण संगणक सावरून घेतो. सोय मोठी आहे, पण मेख तिथेच आहे. किरण कमी पडले तर फोटोवर वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतात, तक्रार लगेच येते. दुप्पट पडले तर फोटो उलट गुळगुळीत दिसतो, कुणी काही बोलत नाही, आणि हळूहळू जास्त किरण देण्याची सवय लागते. फिल्म काळी पडून चुगली करायची, डिजिटल करत नाही. म्हणून यंत्रावर विचलनाचा आकडा असतो: ० म्हणजे ठरल्याइतके किरण, +३ म्हणजे जवळपास दुप्पट, -३ म्हणजे निम्मे. चांगला टेक्निशियन चित्राआधी तो आकडा बघतो.

एरवी घाबरण्यासारखं फार नाही. छातीच्या एका फोटोत सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेले किरण मोजायचं एकक) मिळतात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात, म्हणजे हा हिशेब तीन दिवसांचा. कमरेच्या मणक्याचा फोटो भारी, सुमारे १.५. तो उगाच पुन्हा काढायला लागू नये. गरोदर असाल, किंवा तशी शंकाही असेल, तर टेबलावर जाण्याआधी सांगा.

डिजिटल अधिक बारीक दिसतं, हा आणखी एक समज. ०.१४ मिलिमीटरच्या पिक्सेलचं पॅनेल एका मिलिमीटरात जेमतेम साडेतीन काळ्या-पांढऱ्या रेषाजोड्या वेगळ्या दाखवू शकतं. हातापायासाठीच्या चांगल्या फिल्म-पडद्यावर त्याहून जास्त दिसायच्या. डिजिटलची ताकद करड्या छटांत आहे. एकाच फोटोतून फुफ्फुसही पाहता येतं आणि हृदयामागचा भागही. तालमीत तळहातावर पडून मनगटातलं स्कॅफॉइड हाड तडकलं, तर पहिल्या दिवशी ती चीर कुठल्याच यंत्रावर न दिसण्याची शक्यता असते. अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. तिथे महागड्या पॅनेलपेक्षा ते दिवस महत्त्वाचे.

फोटोआधी साज, ठुशी, मंगळसूत्र, ताईत उतरवा. वेणी वर बांधा. खांद्यावर आलेली वेणी फुफ्फुसाच्या टोकावर डागासारखी दिसते.

हातात निळसर फिल्म मिळाली म्हणून एक्स-रे जुन्या पद्धतीचा ठरत नाही. ती डिजिटल फोटोची छापील प्रत असते, तीही बऱ्याचदा लहान केलेली. ३५ बाय ४३ सेंटिमीटरचा फोटो २० बाय २५ मध्ये बसवला की मापं बदलतात, म्हणून सांधा बदलायचा असेल तर मूळ डायकॉम फाइल (यंत्रातून निघालेला पूर्ण मापाचा डिजिटल फोटो) मागून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. बारीक चीर आधी त्यातूनच नाहीशी होते. ही छापील फिल्म उष्णतेवर तयार होते, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवली तर काळवंडते.

पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात घर असेल तर जुन्या, धुतलेल्या फिल्म माळ्यावर ठेवा. भिजल्याच तर एकमेकींना चिकटून सुकू देऊ नका, स्वच्छ गार पाण्यात हलक्या हाताने सुट्या करा आणि न पुसता सावलीत दोरीवर टांगा.