तीन कड्यांची गोळी: सूचनांच्या कागदामागचा इतिहास

अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री झोपताना एक. नागीण बरी झाल्यावर मागे उरलेला ठणका, मधुमेहात तळपायांची होणारी आग, वरचेवर उठणारी अर्धशिशी, अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात ही चिठ्ठी पडते. घरी येऊन तो खोक्यातला कागद उलगडतो आणि वर वाचतो, ‘नैराश्यावरील औषध’. म्हणजे डॉक्टरांना माझं दुखणं मनाचं वाटलं की काय? हा प्रश्न डोक्यात घोळत असतानाच खाली बारीक अक्षरांत सूचनांची रांग लागते. दारू टाळा, अंथरुणातून झटकन उठू नका, काचबिंदू असेल तर सांगा, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर सांगा, मनानेच गोळी बंद करू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. वकिलाने लिहून दिल्यासारखा हा मजकूर बहुतेक जण न वाचताच घडी घालून ठेवतात. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे मात्र कुठल्या तरी वॉर्डात, कुठल्या तरी वर्षी आलेला अनुभव आहे. क्रमाने पाहिलं तर त्या ओळी लक्षातही राहतात.

अमिट्रिप्टिलिन ज्या घराण्यातलं, त्या घराण्याच्या पहिल्या औषधाचा मूळ सांगाडा १८९९ सालचा. इमिनोडायबेन्झिल नावाचं हे रसायन त्या वर्षी तयार झालं आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. एकमेकांना चिकटलेली तीन कडी अशी त्याची रचना, म्हणून पुढे या घराण्याला ट्रायसायक्लिक म्हणजे तीन कड्यांची औषधं असं नाव पडलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीला स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या गायगी कंपनीने त्यापासून चाळीसेक नवी रसायनं बनवली. शोध चालला होता तो ॲलर्जीवरच्या आणि झोपेच्या औषधाचा. नैराश्य कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

तेवढ्यात फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन आलं. १९५२ पासून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्याचा गुण दिसू लागला आणि प्रत्येक औषध कंपनी आपल्या कपाटात तसंच काही सापडतं का ते धुंडाळू लागली. गायगीला जी २२३५५ या क्रमांकाचा पदार्थ सापडला. त्याची तीन कडी क्लोरप्रोमाझिनच्या कड्यांसारखीच दिसत होती, फक्त मधल्या कड्यात गंधकाच्या जागी कार्बनचे दोन अणू होते. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावर म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून या डॉक्टरांनी तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिला. गुण आला नाहीच, उलट काही जण जास्तच अस्वस्थ झाले. इथे एखाद्याने फाइल बंद केली असती. कून यांनी तेच औषध खोल नैराश्यातल्या रुग्णांना द्यायचं ठरवलं. जानेवारी १९५६ मध्ये एका स्त्री रुग्णाला ते सुरू झालं आणि सहा दिवसांत तिच्यातला बदल वॉर्डातल्या लोकांच्या नजरेत भरला. ऑगस्ट १९५७ मध्ये कून यांचा लेख स्विस वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुढच्याच महिन्यात झुरिकच्या जागतिक मनोविकार परिषदेत त्यांनी तो विषय मांडला, तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. औषधाचं नाव इमिप्रामिन.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती गाळून सांगणं मला बरोबर वाटत नाही. त्याच रुग्णालयात पुढची कित्येक वर्षं डझनावारी नवे पदार्थ रुग्णांवर तपासले गेले, आणि पुष्कळदा रुग्णांची रीतसर संमती घेतलेली नव्हती, हे इतिहासकारांच्या २०१९ च्या अभ्यासातून पुढे आलं. आज औषधाच्या चाचणीआधी ज्या कागदावर सही घेतात, तो कागद तेव्हा नव्हता.

सहा दिवसांत गुण आलेली ती रुग्ण नशिबवान म्हणायची. बहुतेकांना दोन ते तीन आठवडे वाट पाहावी लागते, हे लवकरच कळलं. अडचण अशी की दुष्परिणाम पहिल्या रात्रीपासून हजर असतात आणि गुण मागून येतो. ‘घेऊन पाहिली, तोंड सुकलं, उपयोग शून्य’ असं म्हणून आठव्या दिवशी गोळी सोडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. म्हणून थोड्या मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू चढत जायची पद्धत पडली.

तोंड सुकतं कशाने, याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं, कारण सुरक्षिततेचा अर्धा विषय त्यात आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मज्जापेशीने सोडलेलं नॉरॲड्रेनालिन हे निरोप पोचवणारं रसायन तीच पेशी परत शोषून घेते आणि इमिप्रामिन हे शोषण अडवतं. या कामासाठी ॲक्सेलरॉडना १९७० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रेणू म्हणजे चावी मानली, तर ती जिथे लागते ते हे कुलूप, आणि नैराश्यावरचा गुण त्याच्याशी जोडला गेला. पण या रेणूची चावी एका कुलपाची नाही. हिस्टामिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचं कुलूप तिला लागतं, म्हणून झोप येते आणि वजन वाढतं. दारू प्यायली तर त्या झोपेवर आणखी गुंगी चढते. ॲसिटिलकोलिन या तिसऱ्या निरोप्याचं कुलूप लागतं, म्हणून लाळ आटते, शौचाला खडा होतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबते आणि डोळ्याची बाहुली मोठी होऊन अरुंद कोनाच्या काचबिंदूत डोळ्याचा दाब एकदम चढू शकतो. रक्तवाहिन्या आवळून धरणारं कुलूप लागतं, म्हणून उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो. शिवाय हृदयाच्या स्नायूंत सोडियम ज्या वाटेने आत शिरतं, ती वाटही हा रेणू अडवतो.

रक्तदाबाची ही घसरण कागदावर किरकोळ दिसते. रात्री दोन वाजता सत्तरीतली व्यक्ती लघवीसाठी उठते. डोळ्यांवर गोळीची झोप, खोलीत अंधार, पाय जमिनीला लागतात न लागतात तोच ती उभी राहते आणि रक्त पायांत उतरतं. डोळ्यांपुढे काळोख, घेरी, आणि पलंगाच्या कडेवर आपटलेलं खुब्याचं हाड. या औषधांचा हृदयावर काय परिणाम होतो हे डॉक्टर १९७० च्या दशकात बारकाईने पाहू लागले, तेव्हा नेहमीच्या मात्रेत सर्वाधिक त्रास देणारी गोष्ट हीच निघाली. उपाय साधा आहे. आधी कुशीवर वळायचं, मग पलंगाच्या काठावर पाय सोडून मिनिटभर बसायचं, आणि नंतर आधार धरून उठायचं. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांच्या याद्या १९९० च्या दशकापासून निघू लागल्या. त्यांत अमिट्रिप्टिलिन असतं, त्याला हे पडणं एक कारण आहे आणि वाढत्या वयात होणारा गोंधळलेपणा दुसरं.

१९६१ मध्ये अमिट्रिप्टिलिन बाजारात आलं, पाठोपाठ नॉरट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिन, डॉक्सेपिन अशी भावंडं आली. दुखण्यावर या औषधांचा उपयोग होतो, हे १९६० च्या सुमारासच दिसू लागलं होतं. १९७७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तीत अमिट्रिप्टिलिनला जागा मिळाली. ही झाली भरभराट.

याच काळात या गोळ्या लहान मुलांच्या घरातही शिरल्या. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना इमिप्रामिनचा उपयोग होतो, असं १९६० मध्ये प्रसिद्ध झालं आणि वापर झपाट्याने पसरला. गोळी सात-आठ वर्षांच्या मुलाची, पण तिच्यावर गोड लेप, आणि घरात दोन वर्षांचं भावंडही असायचं. त्या दशकात आणि पुढेही मुलांच्या विषबाधेच्या नोंदींत ही औषधं पुन्हा पुन्हा दिसतात. उपचाराची मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. रांगत्या मुलाला मोठ्यांच्या एक-दोन गोळ्याही धोकादायक ठरू शकतात. अमेरिकेत १९७० मध्ये मुलांना उघडता न येणाऱ्या झाकणांचा कायदा झाला. तो काही या एकाच औषधासाठी झाला नव्हता, पण त्याची गरज या औषधांना नक्कीच होती.

मोठ्यांच्या बाबतीत पेच आणखी अवघड होता. ज्याला आत्महत्येचे विचार सतावत आहेत, त्याच्याच हाती हे औषध द्यायचं. गुण येईपर्यंतचे आठवडे धोक्याचे असतात, म्हणून एकदम महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या न देता थोड्याच द्यायच्या आणि पट्टी घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळायची, ही रीत त्यातून आली. ब्रिटनमध्ये डोसुलेपिन या भावंडाचा वापर औषध नियंत्रकांनी २००७ मध्ये आवळला, तेही जास्त मात्रेत ते विशेष घातक ठरत असल्यामुळेच.

विषबाधेवरच्या उपचाराचा इतिहास तर चुकत-माकत शिकण्याचा आहे. ॲसिटिलकोलिन अडलंय, मग ते वाढवणारं फायसोस्टिग्मिन द्या, असं तर्काला धरून वाटलं आणि दिलंही गेलं. १९८० च्या सुमारास ते दिल्यावर रुग्णांचं हृदयच थांबल्याच्या नोंदी आल्या आणि हा मार्ग मागे पडला. डायलिसिसचा उपयोग नव्हता, कारण हे औषध रक्तात फारसं राहतच नाही, ऊतींमध्ये जाऊन बसतं. कामाला आला तो सोडियम बायकार्बोनेट, आपल्या खाण्याच्या सोड्याचाच शिरेतून दिला जाणारा अवतार. १९७० च्या दशकापासून त्याचा वापर रुळला. त्यातलं सोडियम हृदयाची अडलेली वाट मोकळी करायला मदत करतं आणि रक्त थोडं अल्कधर्मी झालं की औषधाची पकड सैल होते.

धोका किती, हे ठरवायचं कसं? रक्तातलं प्रमाण मोजायला वेळ लागतो आणि तो आकडा पुष्कळदा फसवा निघतो. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने उत्तर ईसीजीच्या पट्टीवर दाखवलं. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणारी टोकदार रेघ, म्हणजे क्यूआरएस, १०० मिलिसेकंदांपेक्षा रुंद झाली की फिट येण्याचा धोका, आणि १६० च्या पुढे गेली की ठोक्यांची लय बिघडण्याचा. ईसीजीच्या कागदावर एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे हा सगळा निर्णय अडीच चौकोनांवर येऊन ठेपतो. घरच्यांसाठी यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. जास्त गोळ्या घेतलेला माणूस पहिला काही वेळ जागा, बोलता असू शकतो आणि मग पाहता पाहता ढासळतो. ‘बरा दिसतोय, सकाळी बघू’ हे या औषधाच्या बाबतीत कधीही चालत नाही. ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

त्याच मात्रेत एकाला काहीच होत नाही आणि दुसरा दिवसभर पेंगतो, हेही कोडं होतं. स्वीडनमध्ये १९६९ साली जुळ्या भावंडांना नॉरट्रिप्टिलिन देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण बऱ्याच अंशी आनुवंशिकतेवर ठरतं हे दिसलं. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं विकर (एन्झाइम) हे औषध निकामी करतं आणि ते कुणात मंद असतं, कुणात फार वेगवान. याचा झटका १९८० च्या दशकाच्या शेवटी बसला. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली. हे नवं, तुलनेने सुरक्षित औषध जुन्या गोळीच्या जोडीला दिलं, तेव्हा जुन्या औषधाची रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढल्याची उदाहरणं पुढे आली. फ्लुओक्सेटिन तेच विकर अडवतं. शरीरातून ते निघून जायलाही आठवडे लागतात, त्यामुळे ते बंद करून ट्रायसायक्लिक सुरू करतानाही जपावं लागतं. दाताच्या डॉक्टरापासून भूलतज्ज्ञापर्यंत प्रत्येकाला चालू गोळ्यांची नावं सांगायची ती यासाठी. एमएओआय या नैराश्यावरच्याच दुसऱ्या जुन्या गटातल्या औषधांशी तर ट्रायसायक्लिकचं मुळीच जुळत नाही. मध्ये किमान १४ दिवसांचं अंतर लागतं.

‘मनानेच बंद करू नका’ ही ओळ सगळ्यांत जुन्यांपैकी. इमिप्रामिन एकदम थांबवल्यावर मळमळ, डोकेदुखी, थंडी वाजणं, बेचैनी होते, हे १९५९ ते १९६१ या काळातच नोंदलं गेलं होतं. व्यसन लागलं असा त्याचा अर्थ नाही. शरीर ज्या अडवणुकीशी जुळवून घेऊन बसलेलं असतं, ती एका रात्रीत उठते. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हा कागदावर चौकटीत छापलेला इशारा मात्र अलीकडचा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलं आणि किशोरांसाठी तो सर्व नैराश्यविरोधी औषधांवर घातला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. सुरुवातीच्या आठवड्यांत वागण्यात बदल दिसतो का, इकडे घरच्यांनी लक्ष द्यायचं.

नैराश्यासाठी पहिली पसंती आता नव्या औषधांना आहे. जुनी घराण्यातली मंडळी दुखणं, अर्धशिशी आणि झोप या कामांवर लागली आहेत, तीही थोड्या मात्रेत. २०१० मध्ये अमेरिकेत डॉक्सेपिन झोपेसाठी मान्य झालं ते ३ आणि ६ मिलिग्रॅममध्ये. नैराश्यासाठी त्याच्या मात्रा ७५ मिलिग्रॅम आणि त्याहून वर जात. इतक्या कमी मात्रेत चावी मुख्यतः हिस्टामिनच्याच कुलपाला लागते. तरीही त्या ३ मिलिग्रॅमच्या गोळीच्या कागदावर उपचार न केलेला अरुंद कोनाचा काचबिंदू, तुंबणारी लघवी आणि एमएओआयनंतरचे दोन आठवडे या तिन्ही मनाया जशाच्या तशा छापलेल्या असतात.