काउंटेस अल्माविवा

काउंटेस अल्माविवा ही संगीतकार मोट्सार्टच्या ‘ले नोत्झे दी फिगारो’ (फिगारोचे लग्न) या चार अंकी विनोदी ऑपेरातील सरदारपत्नी. लोरेन्झो दा पॉन्ते याने इटालियन संहिता लिहिलेल्या या ऑपेराचा पहिला प्रयोग १ मे १७८६ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये झाला. त्यात काउंटेसची भूमिका लुइझा लास्की हिने केली होती.

हे पात्र मूळचे फ्रेंच नाटककार बोमार्शे याचे. त्याच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या आधीच्या नाटकातील रोझिना फिगारोच्या साहाय्याने पालकाच्या तावडीतून सुटते आणि काउंट अल्माविवाशी विवाह करते. ज्यावर हा ऑपेरा आधारलेला आहे त्या ‘फिगारोचे लग्न’ या पुढील नाटकात तीच काउंटेस झालेली आहे आणि नवरा तिची दासी सुझाना हिच्या मागे लागला आहे. सुझानाचा विवाह काउंटचा सेवक फिगारो याच्याशी ठरलेला असल्याने काउंटेस, सुझाना आणि फिगारो मिळून काउंटला धडा शिकवण्याचा बेत रचतात.

ऑपेरात या पात्राच्या रेखाटनात मोठा फरक पडला. नाटकात काउंटेस पहिल्याच अंकात रंगमंचावर येते. दा पॉन्ते आणि मोट्सार्ट यांनी तिला पहिल्या अंकाच्या धांदलीपासून पूर्ण दूर ठेवले. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा ती एकटीच असते आणि ‘पोर्जी, आमोर’ या संथ, छोट्या आरियात (एकल गीतात) प्रेमदेवतेला विनवते की माझे प्रियधन परत दे, नाहीतर मरण तरी दे. क्लॅरिनेट, बासून आणि हॉर्न यांच्या साथीमुळे विनोदी कथानकात अचानक गंभीर ऑपेराचा सूर उमटतो. काउंटच्या पदरी असलेल्या पोरसवदा चेरुबिनोविषयीची तिची ओढही सौम्य केलेली आहे. नाटकात चेरुबिनोच्या जखमेवर बांधलेली आपली फीत ती स्वतःजवळ ठेवून घेते आणि त्या फितीशीच बोलते; ऑपेरात हे स्वगत नाही.

तरीही ती केवळ दुःखी पत्नी राहत नाही. चेरुबिनो शेजारच्या खोलीत दडलेला असताना काउंट दार ठोठावतो, तेव्हा ती घाबरते, खोटे बोलते आणि अखेर सत्य सांगून टाकते. पण तोवर चेरुबिनो निसटून सुझाना त्याच्या जागी गेलेली असते; दार उघडताच आतून ती बाहेर येते, आणि काउंटइतकीच काउंटेसही थक्क होते. हा प्रसंग निखळ प्रहसनाचा आहे, मात्र हसू येते ते काउंटच्या मत्सराचे.

तिसऱ्या अंकातील ‘दोव्हे सोनो’ या आरियाआधीच्या पठणात (बोलण्याच्या ढंगाने गायलेल्या भागात) तिच्या मनातील सल सर्वांत उघडपणे व्यक्त होतो. नवऱ्याने आधी प्रेम केले, मग अपमान केला आणि शेवटी विश्वासघात केला, याबरोबरच आता आपल्याच दासीकडे मदत मागावी लागते, ही बोचणीही ती बोलून दाखवते. यानंतर येणारे, काउंटला बागेत भेटीला बोलावणाऱ्या पत्राचे द्वंद्वगीत म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. काउंटेस मजकूर सांगते, सुझाना लिहून घेते आणि शेवटचे शब्द उच्चारते. मग दोघी पत्र वाचून पाहतात तेव्हा त्यांचे स्वर एकमेकींत इतके गुंफले जातात की मालकीण कोणती आणि दासी कोणती हे कानाला चटकन उमगत नाही. चौथ्या अंकात त्या एकमेकींचा वेशही घेतात.

शेवटी बागेत काउंटेसच्या वेशातल्या सुझानाला फिगारोबरोबर पाहून काउंट तिला आपली पत्नीच समजतो आणि सारे जण गुडघे टेकून तिच्यासाठी क्षमा मागत असताना पुन्हापुन्हा नकार देतो. तेवढ्यात सुझानाच्या वेशातली काउंटेस समोर येते आणि त्याच्यावरच क्षमायाचनेची पाळी येते. मी अधिक मवाळ आहे, असे म्हणून ती होकार देते. हे क्षमादान अवघ्या दोन ओळींचे आहे, पण संपूर्ण ऑपेरातील तिचे वर्चस्व त्यात एकवटलेले आहे. काउंट सुधारला असे मानायला मात्र संहितेत आधार नाही. बोमार्शेनेही तसे मानले नाही: ‘अपराधी माता’ या १७९२ च्या तिसऱ्या नाटकात हे दांपत्य पुन्हा दुरावलेले आहे आणि काउंटेसला चेरुबिनोपासून मुलगा झालेला आहे.