आधी धम्मपद की ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’?

मनाला शांती हवी म्हणून बौद्ध वाचन सुरू करणाऱ्याच्या हाती मराठीत बहुधा दोनपैकी एक पुस्तक पडतं. एक धम्मपद, दुसरं बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. दीक्षाभूमीच्या स्टॉलवर दोन्ही मिळतात आणि दोन्हींना लोक धम्मग्रंथच म्हणतात. बाबासाहेबांच्या पुस्तकात धम्मपदातल्या गाथा ठिकठिकाणी येतात, त्यामुळे ते धम्मपदाचंच सोपं विवरण असावं असा अनेकांचा समज होतो. तसं ते नाही.

धम्मपद पाली तिपिटकाच्या, म्हणजे बुद्धवचनांच्या मूळ ग्रंथसंग्रहाच्या, खुद्दकनिकाय या भागातलं. २६ वग्ग (प्रकरणं), ४२३ गाथा (श्लोक). त्यात सलग कथानक नाही, त्यामुळे कुठलंही पान उघडून वाचता येतं. बाबासाहेबांनी आपलं पुस्तक इंग्रजीत लिहिलं आणि ते १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालं. ते बुद्धांचं चरित्र आहे आणि त्याच्या जोडीने धम्माची सलग मांडणीही. ते मधूनच उघडलं तर धागा लागत नाही.

दोन्हींतला खरा फरक मला रोहिणी नदीच्या भांडणात सर्वांत स्पष्ट दिसतो. शाक्य (बुद्धांचं कुळ) आणि कोलिय या दोन गणांच्या, म्हणजे कुळांच्या राज्यांच्या, मधून वाहणारी ही नदी. ती धम्मपदाच्या अट्ठकथेतही (गाथांमागच्या गोष्टी सांगणाऱ्या जुन्या पाली टीकेतही) आहे आणि बाबासाहेबांच्या पुस्तकातही, पण प्रसंग वेगळे आहेत.

अट्ठकथेत ज्येष्ठाचा महिना आहे आणि पिकं सुकू लागली आहेत. पाणी दोघांत वाटलं तर कुणाचंच पुरणार नाही, आमचं पीक एका पाण्यावर निघेल, तेवढं आम्हाला घेऊ द्या, असं दोन्हीकडचे राबणारे म्हणतात. (पाटाच्या पाळीवरून भांडणं पाहिलेल्याला यात नवीन काही वाटणार नाही.) बोलाचाली होते, हाणामारी होते, मग एकमेकांची कुळं निघतात आणि दोन्हीकडचे क्षत्रिय शस्त्रं घेऊन उभे राहतात. बुद्ध तिथे येतात आणि विचारतात, भांडण कशावरून? राजांना सांगता येत नाही. विचारत विचारत प्रश्न शेवटी राबणाऱ्यांपर्यंत जातो, तेव्हा कळतं की पाण्यावरून. पाण्याचं मोल किती? थोडं. क्षत्रियांचं? अनमोल. मग सुखवग्गातल्या पहिल्या गाथा येतात: वैर करणाऱ्यांमध्ये आपण वैर न करता सुखाने जगू या. इथे बुद्ध आधीच शांत झालेले आहेत, आणि ती शांती ते भांडणाऱ्यांच्या मधोमध उभी करतात.

बाबासाहेबांच्या पुस्तकात हे भांडण होतं तेव्हा सिद्धार्थ अजून बुद्ध झालेले नाहीत. ते शाक्य संघाचे, म्हणजे शाक्यांच्या राज्यसभेचे, सभासद आहेत. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतात आणि तोडगा सुचवतात: दोन्हीकडून दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा. सूचना बहुमताने फेटाळली जाते. सैन्यात जायला नकार दिला तर कुटुंबावर बहिष्कार येईल, जमिनी जप्त होतील. म्हणून ते परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करतात. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडल्याची प्रचलित कथा बाबासाहेब नाकारतात, कारण एकोणतिसाव्या वर्षापर्यंत हे दिसलंच नाही हे त्यांना पटत नाही. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की धम्म लागतो, ही या पुस्तकाची भूमिका.

म्हणजे धम्मपद तुमच्या मनातल्या वैराशी बोलतं. बाबासाहेब विचारतात की हे वैर माणसामाणसांत, गणागणांत का येतं आणि त्याचं काय करायचं. रात्री झोप लागत नाही, कुणाचा तरी शब्द डोक्यात फिरतोय, अशा वेळी मी धम्मपदच हातात देईन. त्याच सुखवग्गात २०१वी गाथा आहे:

जयं वेरं पसवति दुक्खं सेति पराजितो।
उपसन्तो सुखं सेति हित्वा जयपराजयं॥

जिंकल्याने वैर वाढतं, हरलेला दुःखात झोपतो. जय-पराजय दोन्ही सोडलेला शांत माणूस सुखाने झोपतो. अट्ठकथेनुसार ही गाथा मगधच्या अजातशत्रू राजाकडून पुन्हा पुन्हा हरलेल्या कोसलच्या राजासाठी आहे. तो अन्न सोडून अंथरुणाला खिळला होता.

पण ज्याची अस्वस्थता जातीच्या अपमानातून किंवा अन्यायातून आली आहे, त्याला नुसतं ‘मन शांत ठेव’ म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्याने बाबासाहेबांपासून सुरुवात करावी. पहिला भाग सलग वाचावा, प्रस्तावनेसकट, कारण त्यांना पडलेले प्रश्न तिथे उघड मांडलेले आहेत.

ध्यान कसं करायचं हे पायरीपायरीने दोन्हींत नाही. ते शिबिरात शिकावं. धम्मपद घेताना मूळ पाली, मराठी अर्थ आणि अट्ठकथेतली थोडक्यात गोष्ट अशा तिन्ही गोष्टी असलेली प्रत शोधा. नुसता अर्थ छापलेल्या प्रतीत २०१वी गाथा भेटते, पण उपाशी पडून राहिलेला तो राजा भेटत नाही. एका बैठकीत एकच वग्ग वाचा. सुरुवात पंधराव्यापासून, म्हणजे सुखवग्गापासून केली तरी चालेल.