दोन अंशांत लपलेला ढग

जुलैत कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरचं विमान रद्द झालं की रंकाळ्यावर फिरायला आलेल्या मंडळींत हमखास ऐकू येतं, "ऊन तर पडलंय की! वेधशाळेचं कधी खरं झालंय?" मला मात्र अशा वेळी आठवतो तो छोट्या खासगी विमानाचा वैमानिक. ढगात बाहेरचं काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर विमान चालवायचा परवाना त्याच्याकडे असतो, पण धावपट्टी शेवटी डोळ्यांनीच दिसावी लागते. त्यामुळे त्याचा खरा प्रश्न एकच: ढगाचा तळ जमिनीपासून किती वर?

याचं गणित फार गोड आहे. वर चढणारी, अजून ढग न बनलेली हवा दर किलोमीटरला सुमारे 9.8 अंश सेल्सिअसनं थंड होते. तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो, उतरतो फक्त 1.8 अंशांनी. म्हणजे दोघांतलं अंतर किलोमीटरला 8 अंशांनी मिटतं, एक अंश मिटायला 125 मीटर. ते शून्य झालं की तिथं ढगाचा तळ. तापमान 24, दवबिंदू 22, तर तळ 250 मीटरवर. (हे जमिनीवरून उठणाऱ्या हवेचं, वाऱ्यानं बाहेरून वाहत आलेल्या ढगाला तंतोतंत लागू नाही.)

आता गंमत बघा. विमानतळाच्या हवामान अहवालात अंश पूर्णांकात लिहितात. म्हणजे 24 हे 23.5 असू शकतं आणि 22 हे 22.4, फरक 1.1, तळ 140 मीटरच्या खाली. किंवा 24.4 आणि 21.5, फरक 2.9, तळ 360 मीटरच्या वर. अहवाल अक्षर न अक्षर तोच! घसरणमार्ग, म्हणजे उतरतानाची तिरकी वाट, दाखवणारी यंत्रणा नसेल तर सहसा 120-150 मीटरपर्यंत किंवा त्याआधीच धावपट्टी दिसावी लागते, नाहीतर विमान पुन्हा वर. वेधशाळा चुकली असं म्हणण्याआधी हा एक अंश आठवावा.

म्हणून विमानतळांच्या अंदाजात शक्यता सरळ लिहितात. 'प्रॉब' म्हणजे शक्यता, त्यापुढे 30 किंवा 40 टक्केच येतात. त्याहून कमी असेल तर सहसा उल्लेखच नाही, 50 किंवा जास्त असेल तर ते मूळ अंदाजातच जातं. 'टेम्पो' म्हणजे गुळाची वाहतूक करणारा नव्हे. दर खेपेला तासाभराहून कमी आणि सांगितलेल्या मुदतीच्या एकूण अर्ध्याहून कमी वेळ टिकणारा बदल, तो टेम्पो.

पंचांगवाले याऐवजी नक्षत्राचं वाहन सांगतात. हत्ती आला, भरपूर पाऊस. पण गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि वाहन मात्र दोघांना एकच!

वैमानिक यातून काय घेतो? अमेरिकेतला नियम असा: पोचण्याच्या वेळेआधी-नंतर तासाभरात ढगाचा तळ 2,000 फुटांखाली किंवा दृश्यता 3 मैलांखाली जाणार असेल, तर पर्यायी विमानतळ ठरवायचाच, तिथवर पोचून वर 45 मिनिटं पुरेल इतकं इंधनही हवं. पण नियम पाळूनही फसता येतं. कोल्हापूरला पर्याय म्हणून बेळगाव धरलं, तर पावसाळ्यात दोन्हीकडे पश्चिमेचं तेच ओलं वारं आणि बहुधा तोच ढग. शहाणा वैमानिक पूर्वेला पर्जन्यछायेतली धावपट्टी शोधतो. ती लांब, म्हणजे इंधन जास्त, म्हणजे वजन जास्त. मग मागच्या सीटवरच्या पाहुण्याला सांगावं लागतं, तुम्ही रेल्वेनं या.