दिव्यांग ग्राहकांसह डिजिटल बँकिंगची सुगम्यता चाचणी

बँकेचे अ‍ॅप, संकेतस्थळ, यूपीआय किंवा व्हिडिओ केवायसी (व्हिडिओ कॉलवरून ग्राहकाची ओळख पडताळणे) दिव्यांग ग्राहकाला दुसऱ्या कुणाला पिन न सांगता वापरता येते का, हे त्याच्याच हातून तपासून घेण्याची पद्धत. आपोआप तपासणाऱ्या साधनांना स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) वाचता येईल असे नाव नसलेले बटण सापडते, अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक (कॉन्ट्रास्ट) ४.५:१ पेक्षा कमी असल्याचे कळते. पण पैसे पाठवण्याचे काम शेवटास गेले की मध्येच अडकले, हे त्यांना कळत नाही. म्हणून चाचणीचे एकक पडदा नव्हे, पूर्ण व्यवहार धरावा.

या चाचणीमागे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि डिजिटल सुगम्यतेचे भारतीय मानक आयएस १७८०२ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल केवायसीसंबंधी २० निर्देश दिले. नवे अ‍ॅप किंवा सुविधा आणताना अंध व्यक्तींना चाचणीत सामील करून घेणे हा त्यांतलाच एक. रिझर्व्ह बँक आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय या दोन्हींची मुख्यालये मुंबईत असल्याने शहरात या कामाला महत्त्व आहे.

एका फेरीला पाच ते आठ सहभागी पुरतात, मात्र सगळे अंध नसावेत. अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि हात थरथरणाऱ्या व्यक्तींच्या अडचणी निराळ्या असतात. वेळ साधारण साडेअकरा ते चार अशी ठेवावी. लोकलच्या दिव्यांग डब्यातही गर्दीच्या वेळी चढणे कठीण जाते. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बोलावले असेल, तर वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावर न्यायला माणूस पाठवावा. प्रवासखर्च आणि मानधन त्याच दिवशी द्यावे. संमतिपत्र स्क्रीन रीडरने वाचता येईल अशा स्वरूपात आदल्या दिवशी पाठवावे. कर्णबधिर सहभागी असल्यास भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाष्या ठरवावा. घरच्या माणसाला दुभाष्या करू नये, कारण विषय पैशांचा आहे.

खरे खाते वापरू नये. स्क्रीन रीडर ओटीपी मोठ्याने वाचतो आणि तो ध्वनिमुद्रणात राहतो. चाचणी-खाते असलेला फोन द्यावा, पण तो हाती पडल्यावर पहिली पंधरा मिनिटे वाचनाचा वेग, आवाज, अक्षरांचा आकार सहभागीच्या सवयीप्रमाणे लावण्यात जाऊ द्यावीत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये पडद्याचे चित्रीकरण बहुधा काळे येते, म्हणून वरून कॅमेरा लावतात. काही अंध सहभागी पडदा काळा ठेवूनच फोन वापरतात. तेव्हा निरीक्षकाला कानांवरच विसंबावे लागते. ‘बोलत बोलत करा’ हे सांगणे इथे चुकते: स्क्रीन रीडरचा आवाज आणि माणसाचा आवाज एकमेकांवर चढतात. प्रश्न काम संपल्यावर विचारावेत. मधे मदतही करू नये. अगदीच अडल्यास कुठल्या पायरीवर अडले ते नोंदवून मगच पुढे न्यावे.

बिघाड बहुतेक सांध्यांवर, म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जाताना, सापडतात. ओटीपी पाहायला ग्राहक संदेशांत जातो, परत येईतो अ‍ॅप बाहेर काढते आणि सगळे पहिल्यापासून. ओटीपी चिकटवता आला, वेळ वाढवून मागता आली, की ही अडचण बरीच सुटते. पिनच्या पानावर दर वेळी अंकांची जागा बदलली, तर पडदा मोठा करून पाहणाऱ्याला प्रत्येक अंक शोधावा लागतो. काही अ‍ॅप सुरक्षेच्या नावाखाली स्क्रीन रीडर चालू असताना उघडतच नाहीत. हा दोष सर्वांत गंभीर. पैसे गेल्याची हिरवी खूण फक्त दिसते, ऐकू येत नाही, मग ग्राहक तीच रक्कम दुसऱ्यांदा पाठवतो. मराठी पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण नसेल, तर स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळतो किंवा तोडून वाचतो. म्हणून रक्कम आणि लाभार्थ्याचे नाव मराठी आवाजातही ऐकून पाहावे. व्हिडिओ केवायसीत ‘डोळे मिचकवा’ ही अट अनेक अंध व्यक्तींना आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना पाळता येत नाही. समोरचा अधिकारी फक्त बोलून विचारत असेल, तर कर्णबधिर ग्राहक तिथेच थांबतो.

दोषांची क्रमवारी किती जणांना लागला यावरून लावू नये. पैसे चुकीच्या खात्यात जाण्याची किंवा दोनदा जाण्याची शक्यता असेल, तर एकालाच आढळलेला दोषही वर ठेवावा. दुरुस्तीनंतर तोच व्यवहार पुन्हा करून घ्यावा, आणि अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की परत. सुधारलेली बटणे पुढच्या आवृत्तीत पुन्हा निनावी झालेली आढळतात.