झुलत्या पुलाचा झोळ

पावसाळा सरला की अर्नाळ्याच्या किंवा सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले दिसतात. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरावर टाकलेले असतात, दोर बांबूच्या खांबांवरून गेलेले असतात, आणि ओल्या मासळीच्या वजनाने कडेचा खांब आत झुकू नये म्हणून त्याच्या शेंड्यापासून बाहेरच्या बाजूला एक दोर तिरपा खाली आणून जमिनीत पुरलेल्या खुंटीला आवळलेला असतो. झुलत्या पुलाची मूळ रचना हीच आहे. बांबू म्हणजे मनोरा, खुंटी म्हणजे अँकरेज, आणि बोंबलांच्या जागी मुख्य दोरापासून लोंबणाऱ्या उभ्या तारा असून त्यांनी रस्ता उचलून धरलेला असतो. गाड्यांचे वजन रस्त्याकडून उभ्या तारांत, तेथून मुख्य दोरात, आणि दोराकडून काही मनोऱ्यातून पायथ्याशी तर काही अँकरेजमधून जमिनीत जाते. दोराला फक्त ताण सोसावा लागतो आणि मनोऱ्याला प्रामुख्याने दाब.

या रचनेचे मर्म दोराच्या झोळात आहे, आणि ते समजण्यासाठी थोडे गणित करण्यासारखे आहे. दहा मीटर अंतरावरच्या दोन खांबांना दोर बांधून त्याच्या मध्यावर 10 किलोची भरलेली कळशी टांगली आणि दोर एक मीटर खाली आला, तर प्रत्येक खांब सुमारे 25 किलो वजनाइतक्या बळाने आत ओढला जातो. आता तोच दोर घट्ट आवळून झोळ 25 सेंटिमीटरवर आणला, तर ही ओढ सुमारे 100 किलोवर जाते. कळशी तीच, वजन तेच. केवळ झोळ चौथाई झाल्याने ओढ चौपट झाली. वजन तोलून धरायचे काम दोराचा तिरपेपणाच करतो, आणि दोर जितका आडवा तितका तो तिरपेपणा कमी पडतो. झोळ भरपूर ठेवावा तर मनोरे उंच करावे लागतात, म्हणून अभियंते साधारणपणे मुख्य गाळ्याच्या, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या अंतराच्या, एक दशांश इतका झोळ धरतात. जपानच्या आकाशी काइक्यो पुलाचा मुख्य गाळा 1991 मीटरचा असल्याने त्याचे मनोरे जवळजवळ 300 मीटर उंच आहेत.

हा पूल 1998 साली खुला झाला. त्याच्या एकेका मुख्य दोरात 36,830 पोलादी तारा आहेत, आणि जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची त्यातली एकच तार चार टनांच्या आसपास भार पेलू शकते. मनोरे आणि दोर उभे होते, पण रस्ता अजून टांगायचा होता, अशा अवस्थेत 17 जानेवारी 1995 रोजी कोबेचा भूकंप झाला. मनोऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकून मुख्य गाळा सुमारे 80 सेंटिमीटरने वाढला, तरी बांधकाम शाबूत राहिले. लवचिक रचनेचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

लवचिकपणाची किंमत मात्र वाऱ्याशी चुकवावी लागते. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल 1940 च्या जुलैत सुरू झाला आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला ताशी 65 किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात कोसळला. त्याचा रस्ता अरुंद आणि फार पातळ होता, शिवाय त्याच्या कडांना भरीव पोलादी तुळया होत्या. रस्ता थोडा पिळला की वाऱ्याचा दाब बदलून त्याला आणखी पिळत असे, आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक वारा त्यात भर घालत गेला. त्यानंतर रस्त्याखाली खोल जाळीदार कैच्या, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या पोलादी दांड्यांचे सांगाडे, घालणे, किंवा इंग्लंडमधल्या 1966 च्या सेव्हर्न पुलाप्रमाणे त्याला विमानाच्या पंखासारखा निमुळता, पोकळ पेटीचा आकार देणे, हे मार्ग रूढ झाले.

आपल्याकडच्या खाड्या रुंद असल्या तरी त्यांत पाया घालता येतो, त्यामुळे इतक्या लांब गाळ्याची गरज सहसा पडत नाही. गोव्यात मांडवीवर आणि जुवारीवर झालेले नवे पूल तारांचे असले तरी झुलते नव्हेत. त्यांच्या तारा मनोऱ्यापासून सरळ रस्त्याला जाऊन भिडतात, मनोऱ्याच्या दोन्ही अंगांची ओढ एकमेकींना तोलते, आणि काठावर अवाढव्य अँकरेज लागत नाही. ही बाब आपल्याकडे महत्त्वाची आहे. कोकणातला जांभा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ दगड आहे. हजारो टनांची तिरपी ओढ त्याच्या भरवशावर सोडता येत नाही, ती खालच्या काळ्या कातळापर्यंत न्यावी लागते किंवा काँक्रीटच्या प्रचंड वजनाने रोखावी लागते.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे खारी हवा. तारांवर जस्ताचा मुलामा देतात, दोराभोवती बारीक तार घट्ट गुंडाळून वर रंगाचे थर चढवतात, तरीही फटीतून ओलावा आत शिरतोच आणि गंज बाहेरून न दिसता आतल्या तारांना खातो. आकाशी पुलात म्हणून कोरडी केलेली हवा दोरांच्या आतून सतत फिरवली जाते, कारण सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली की पोलादाचे गंजणे जवळजवळ थांबते. कोकणच्या पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे 80-90 टक्क्यांवर असते.

नदी-ओढ्यांवरचे लहान झुलते पूल, ज्यांवरून मुले शाळेत जातात आणि बायका डोक्यावर भारे घेऊन जातात, त्यांच्यासाठी अशी यंत्रणा शक्य नसते. तेथे डोळ्यांनी आणि हातांनीच तपासणी करावी लागते. गुजरातेत मोरबीचा झुलता पूल 30 ऑक्टोबर 2022 रोजी तुटून शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा एका दोरातल्या 49 तारांपैकी 22 तारा आधीच गंजलेल्या असल्याचे तपासात आढळले. अशा पुलावर सर्वांत आधी पाहायची जागा मधला झोळ नव्हे. दोर काठावरच्या काँक्रीटमध्ये जेथे शिरतो, तेथपर्यंत पावसाचे पाणी दोरावरून ओघळत येते आणि तेथेच साचून राहते. तेथली माती आणि शेवाळ काढून, दोर वीतभर उघडा करून, त्याच्या खालच्या अंगावरून हात फिरवून पाहावा लागतो, कारण तुटलेल्या तारेचे टोक बहुधा त्या अंगालाच हाताला लागते.